फिंजान हलवायचं असतं

लग्नाच्या नवव्या वर्षी मी नवऱ्याच्या पाठीवर मार्करने सगळे स्नायू काढले. मार्कर पक्क्या शाईचा होता हे नंतर कळलं.

त्याला इलाज नव्हता. फिजिओथेरपीची माझी पदवी हायब्रीड होती, म्हणजे थिअरी रियाधच्या आमच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपवर आणि प्रॅक्टिकल दर शनिवारी कॉलेजच्या लॅबमध्ये. लॅपटॉपवरच्या बाई खांदा कसा धरायचा ते झकास दाखवायच्या, पण लॅपटॉपला खांदा नसतो. आमच्या घरात रिकामा खांदा एकच, नवऱ्याचा. त्या आठवड्यात नेमकी त्याच्या ऑफिसची वैद्यकीय तपासणी निघाली. डॉक्टरने शर्ट वर करायला सांगितला, पाठ बघितली आणि शिकाऊ पोरांना हाका मारून तिथेच उजळणी घेतली. रिकामी जागा बघून बाहेरचे पेशंटही आत येऊन बसले असं नवरा सांगतो, पण त्याला वाढवून सांगायची सवय आहे. मला नाही.

"डॉक्टर म्हणाला, डावीकडचा एक स्नायू खाली घसरलाय," घरी आल्यावर तो म्हणाला.

"अगंबाई. दुखतोय का हो?"

"माझा नाही घसरला. तू काढलेला घसरलाय."

ही सौदीकरणाची वर्षं. नवरा बँकेच्या आयटीत होता, आणि त्यांच्या मजल्यावर दर थोड्या दिवसांनी एक खुर्ची इथल्या कुणा तरुणाला मिळायची. पोरं गुणी होती, नवरा स्वतःच त्यांना काम शिकवायचा. पण खुर्ची सोडणाऱ्यासाठी केक यायचा, आणि तो खाऊन खाऊन नवऱ्याचा पट्टा शेवटच्या भोकाला टेकला होता. एक दिवस केकवर आपलं नाव असणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या इकाम्याला बांधलेला, त्यामुळे तो निघाला की मीही निघणार, आणि पदवी अर्धी राहणार. म्हणून घरात एकच घोषणा होती : केकच्या आधी पास.

कोल्हापूरहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर धीर द्यायच्या. "एवढी चार वर्षं मालिश शिकायला लागतात होय गं? आमच्या गल्लीतला हाडवैद्य एका दुपारी शिकला."

"म्हणूनच मामंजींचा गुडघा हवामान खात्यासारखा बोलतो," मी म्हणायचे. मग त्यांचं नेटवर्क जायचं.

शेवटच्या सत्रात हॉस्पिटलच्या महिला विभागात मला एक पेशंट नेमून मिळाली. तिच्यावर मी उपचार करायचे आणि शेवटी परीक्षक बाईंसमोर तिला हालचाल करून दाखवायला लावायचं. पेशंट हललीच नाही तर सगळं सत्र पुन्हा.

पेशंट म्हणजे एक सौदी आजी. सगळा विभाग त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, मीही म्हणू लागले. त्या अंगणात पडल्या होत्या, उजवं मनगट मोडलं होतं, आणि प्लास्टर काढल्यापासून ते गंजलेल्या बिजागरीसारखं झालं होतं. पण आवाज असा की त्या कुणावर ओरडल्या तर वाळवंटात उंट उठून उभे राहत. सोबत सून यायची, शांत आणि इंग्रजी बोलणारी. तिच्या एका हातात खजुराचा डबा, दुसऱ्या हातात गहव्याचा थर्मास. गहवा म्हणजे इथली वेलदोड्याची सोनेरी कॉफी, आणि ती प्यायची ती बिनकानाची इवलीशी वाटी म्हणजे फिंजान.

"खाला, मनगट असं डावी-उजवीकडे झुकवा," मी माझ्या मोडक्या अरबीत म्हणायचे.

खाला मनगटाकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "खलास."

"अजून सुरू नाही झालं, खाला."

"माझं झालं. यल्ला, गहवा."

मी गरम पाण्याची पिशवी दिली, रबराचा चेंडू दिला, रंगीत पट्टा दिला. चेंडू त्यांनी नातवाला दिला. पट्ट्याने खजुराचा डबा बांधला. दिवस चालले होते, मनगट होतं तिथेच होतं, आणि घरी नवरा सांगत होता की त्याच्या शेजारची खुर्चीही रिकामी झाली.

आणि गहवा. रियाधमध्ये मला चार वर्षं झाली होती, पण सगळी आपल्या मंडळींत. गणपती, हळदीकुंकू आणि भिशी यांतून वेळ उरला तर रियाध. सौदी बैठकीत मी कधी बसलेच नव्हते. सून फिंजान भरून द्यायची आणि मी आईने शिकवल्याप्रमाणे शेवटच्या थेंबापर्यंत संपवून परत पुढे करायचे. ती पुन्हा भरायची. मी "पुरे, पुरे" म्हणत वर हात आडवा धरायचे. आपल्याकडे पहिलं 'पुरे' कुणी खरं मानत नाही, तेव्हा इथेही आग्रह चाललाय असं समजून मी मान ठेवायला पुन्हा प्यायचे. अशी रोज एक विहीर पोटात जायची. रात्री मी डोळे टक्क उघडे ठेवून आढ्याकडे बघायचे आणि नवरा म्हणायचा, "अगं, तुझ्या छातीत कुणी ढोल वाजवतंय का?"

एका दिवशी असंच कितवं तरी फिंजान मी पुढे केलं. खाला बघत होत्या. मग सुनेकडे वळून काहीतरी बोलल्या आणि सून ओठ चावू लागली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"त्या विचारतायत, या मुलीचंही मनगट मोडलंय का."

"माझं? का?"

"बस झालं की फिंजान हलवायचं असतं. तुम्ही हलवतच नाही. न हलवता पुढे केलं की आम्हाला भरावंच लागतं."

माझा चेहरा बघून खाला वैतागल्या. "या बिंती," म्हणजे अगं पोरी, म्हणत त्यांनी माझ्या हातातून फिंजान घेतलं. उजव्या हाताने, कारण डाव्या हाताने पिणं इथे वाईट. चिमटीत धरलं आणि मनगट झुकवलं, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. थोडंसंच, कपाळावर आठी आणून, पण झुकवलं.

हेच तर मी त्यांच्याकडे इतके दिवस भीक मागितल्यासारखं मागत होते. मी तोंड उघडणारच होते. मग जीभ चावली आणि शक्य तितका मठ्ठ चेहरा केला. त्यासाठी मला फार कष्ट पडत नाहीत असं सासूबाई म्हणतात.

"नाही कळलं, खाला. पुन्हा दाखवता?"

खालांनी पुन्हा दाखवलं. मी हलवलं ते मुद्दाम वर-खाली, पाळण्यासारखं. खालांनी कपाळावर हात मारला आणि परत दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी सगळं विसरून गेले. तिसऱ्या दिवशी तर फिंजान उपडंच धरलं. खाला सुनेला म्हणायच्या, "हिला पदवी कोण देणार?" आणि हलवायच्या. पुढे पुढे मी त्यांच्या फिंजानात थोडा थोडा गहवा ठेवू लागले, वजन वाढावं म्हणून. मनगट रोज थोडं पुढे सरकायचं. एकदा तर त्यांनी इतक्या जोरात हलवलं की वाऱ्याने पडदा उडाला. पंखा चालू होता, पण त्याचा काही संबंध नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई आल्या. त्यांचा चेहरा इस्त्री केलेला, हातात कोन मोजायची पट्टी. "पेशंटला मनगट झुकवायला सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. खालांनी बाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खलास."

माझ्या डोळ्यांपुढे केक आला, आयसिंगसकट. मी सुनेकडे बघितलं, तिने मुकाट्याने गहवा ओतला. मी एका घोटात संपवला आणि फिंजान पुढे केलं, अजिबात न हलवता. तिने भरलं. मी संपवलं. पुन्हा पुढे केलं, दगडासारखा हात करून. परीक्षक बाईंनी भुवया उंचावल्या. त्या इथल्याच, त्यांना काय चुकतंय ते लगेच दिसलं.

"या बिंती," खाला गरजल्या, "परक्या बाईसमोर माझी लाज काढतेस?" आणि फिंजान हिसकावून त्यांनी मनगट असं झुकवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपर जागच्या जागी ठेवून, पुस्तकात असतं तसं. बाईंनी पट्टी लावली, मोजलं आणि लिहून घेतलं. मग पहिल्यांदा हसल्या.

"हा व्यायाम कोणत्या पुस्तकातला?"

"यांच्याच," मी खालांकडे बोट केलं.

बाई "पास" म्हणून निघून गेल्या. मी उडीच मारली, अर्धी आनंदाने, अर्धी गहव्याने. मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आता खुशाल येऊ दे केक. चॉकलेटचा सांगतो."

खाला सुनेच्या कानात काही कुजबुजल्या. सून हसू दाबत म्हणाली, "त्या म्हणतायत, त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. इतकं मठ्ठ कुणी नसतं, त्यातून हिंदुस्थानातून इथवर आलेलं तर नाहीच."

"मग इतके दिवस दाखवलंत का?"

खालांनी थर्मास स्वतः उचलला, माझ्यासाठी फिंजान भरलं आणि उजव्या हाताने माझ्यापुढे धरलं. मी प्यायले आणि पहिल्यांदाच नीट हलवलं, डावीकडे, उजवीकडे, रियाधमध्येच जन्मल्यासारखं.

खालांनी डोळे बारीक केले आणि पुन्हा काठोकाठ भरलं.

"दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा दाखव."