आंब्याच्या फ्लेवरचा न्यूमोनिया

साथीत आमच्या छोट्याशा हॉस्पिटलात खाटा कमी पडल्या, ऑक्सिजन कमी पडला. किस्से मात्र कधीच नाहीत! पीपीई किटमध्ये घामाबरोबर तेही साचत गेले.

*

त्या दिवसांत निदान फार सोपं होतं. खोकला? कोविड. जुलाब? कोविड. सर्वण गावचे एक आजोबा झाडावरून पडून, कंबर धरून आले. आमच्या सीनियर सरांनी विचारलं, "पडायच्या आधी वास येत होता?"

"येतालो," आजोबा कण्हत म्हणाले. "फणसाचो. तोच काढूक चडल्लो!"

*

मग आला कारापूरचा संकेत. सव्विशीचा, जिममध्ये कमावलेले दंड, आणि एका वाक्यात धाप. ताप, उलट्या, स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढुरकी. टेस्ट निगेटिव्ह. परत केली, निगेटिव्ह.

सर म्हणाले, "टेस्ट चुकतेय. कोविडच!"

आणखी एकदा केली. निगेटिव्ह!

सर म्हणाले, "बघा, किती लबाड व्हायरस आहे!"

*

इकडे त्याचा ऑक्सिजन उतरतच होता. मी विचारलं, "सिगरेट ओढतोस?"

उत्तर दारात उभ्या असलेल्या आईने दिलं. "आमच्या घरात कोण सुपारीसुद्धा खायना, डॉक्टर बाय!"

संकेतने संताच्या चेहऱ्याने मान डोलावली.

मी आईला पेज आणायला पिटाळलं आणि त्याच्याजवळ वाकले. "आता सांग. व्हेप? ई-सिगरेट?"

तो चक्क दुखावला. "मॅडम, ती सिगरेट नव्हे! वाफ ती. कोविडमध्ये सगळेच वाफ घेतात ना?"

"कसली वाफ?"

"आंब्याच्या फ्लेवरची. उठल्यापासून झोपेपर्यंत."

*

सरांना सांगितलं. त्यांनी स्कॅन पुन्हा उजेडासमोर धरला. मग घसा खाकरून म्हणाले, "मला शंका होतीच!"

दुसरा कुठला संसर्ग नाही याची खात्री केली, स्टेरॉइड सुरू केलं. पुढचे काही दिवस मी मोबाइल वाजला की दचकायचे. मग एका सकाळी बघते तर संकेत ऑक्सिजनशिवाय बसून चहात उंडो पाव बुडवतोय. मास्कच्या आड मला रडूच आलं. सरांनी विचारलं, "सर्दी? टेस्ट करून घ्या!"

*

डिस्चार्जच्या दिवशी आईला सगळं नीट समजावलं. व्हेप म्हणजे काय, फुप्फुसाला काय झालं, पुन्हा ओढलं तर काय होईल. मग ती इकडेतिकडे बघून जवळ आली आणि हळूच म्हणाली,

"डॉक्टर बाय, ह्याका हळर्णची सोयरीक इल्या. मुलीकडच्यांनी फोन केलो तर कोविडच झाल्लो म्हणून सांगा हां!"