पंधरावी काठी

सोलांज मॅडम गेल्याचं मला ब्रेकफास्टच्या खोलीत कळलं. आज तीन आठवडे झाले. मी ज्यांच्या गेस्ट हाऊसमध्ये खोल्या आवरते त्या मालकीणबाई, मिसेस बेल, फ्रान्सहून आलेलं पत्र धरून उभ्या होत्या. मॅडमच्या बहिणीनं लिहिलं होतं. आजार मोठा आहे हे माहीत होतं, तरी... मिसेस बेलनी डोळे पुसले आणि नेहमीचंच वाक्य बोलल्या, "बिचारी. एवढी मोठी खेळाडू, पण चौदापर्यंत मोजता आलं नाही." त्या प्रेमानंच म्हणाल्या. पण ती चूक मॅडमची नव्हतीच, माझी होती. आणि हे तेव्हा फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला माहीत होतं.

नवीन शतक लागलं त्या वर्षी मी इथं कामाला लागले. एडिनबराहून बसनं तासभर, समुद्राकाठचं गाव, गावाला लागून गोल्फची मैदानं. मॅडम दर जुलैत तीन नंबरच्या खोलीत उतरायच्या. गोल्फ हाच त्यांचा पेशा. वडील फ्रान्समधल्या एका मैदानावर गवत कापायचे, तिथंच ह्या खेळायला शिकल्या आणि पुढं देशोदेशी खेळल्या. एक स्पर्धा जिंकली होती, त्याचा फोटो त्यांच्या पाकिटात असायचा. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या आणि हात थरथरायला लागले होते. लांबचा फटका सरळ जायचा, पण भोक हातभर अंतरावर आलं की हात ऐकायचे नाहीत. मग त्या खोलीतल्या कार्पेटवर कप आडवा ठेवून जुन्या पटरनं सराव करायच्या. पटर म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी. मी टॉवेल घेऊन दारात उभी राहिले की म्हणायच्या, "सुमन, तू बघू नकोस. तू बघितलंस की कप पळतो." मी चौथी शिकलेली, माझं इंग्रजी मोडकं, त्यांचंही मोडकंच. त्यामुळे बाकीच्या पाहुण्यांपुढं वाटायची तेवढी भीती मला त्यांच्यापुढं वाटत नसे.

माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोठ्या स्पर्धांत खेळायचा हक्क टिकवायचा तर इथल्या दोन दिवसांच्या स्पर्धेत मॅडमना वरच्या क्रमांकांत राहायलाच हवं होतं. नाही तर संपलं, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. काठ्या उचलायला त्यांच्याकडं माणूस नव्हता, स्वतःच ट्रॉली ओढायच्या. सकाळी त्यांची पिशवी खाली हॉलमध्ये तयार होती, त्या चहा पीत होत्या. मी खोलीत गेले तर पडद्यामागं तो जुना पटर. त्याआधी एका पाहुण्याचं घड्याळ हरवलं होतं. ते त्याच्याच गाडीत सापडलं, पण तोवर दोन दिवस सगळे माझ्याकडं बघत होते... तेव्हापासून कुणाची वस्तू मागं राहिलेली दिसली की ती लगेच ज्याची त्याला पोचवल्याशिवाय मला राहवायचं नाही. मला वाटलं, जिच्यानं सराव केला तीच काठी विसरल्या. मी ती फडक्यानं स्वच्छ पुसली, धावत खाली गेले आणि पिशवीत खोल घातली.

गोल्फमध्ये पिशवीत चौदाच काठ्या चालतात, आणि नवा पटर धरून चौदा आधीच भरलेल्या होत्या. तिसऱ्या भोकाशी मॅडमच्या हाती जुना पटर आला. त्यांनी स्वतःच पंचाला सांगितलं. चार फटके दंड झाला आणि शेवटी मॅडम दोनच फटक्यांनी मागं राहिल्या. संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, मिसेस बेल मागं उभ्या. आवाज चढवला नाही.

"सुमन, तो पटर तू पिशवीत ठेवलास?"

"नो," मी म्हणाले.

त्या मिसेस बेलकडं वळून म्हणाल्या, "मग मीच ठेवला असेल."

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता गप राहा. खरं बोललीस म्हणून दंड परत जाणार आहे का? तुझं काम मात्र जाईल."

मी गप राहिले. मॅडमना तो हक्क परत मिळाला नाही. दोन वर्षं लहानसहान स्पर्धा खेळल्या, मग वडिलांच्याच मैदानावर लोकांना शिकवू लागल्या. जुलैत आठवडाभर इथं यायच्या मात्र. जेवायच्या टेबलावर कुणी तरी हमखास म्हणायचं, सोलांज, चमचे नीट मोजून ठेव. सगळे हसायचे, त्याही हसायच्या. मी आत नळ मोठा सोडून भांडी घासायची, ऐकू येऊ नये म्हणून.

गेल्या जुलैत शेवटच्या आल्या तेव्हा डोक्याला रुमाल होता. मी चादर बदलत होते. एकदम म्हणाल्या, "तो पटर मी आयुष्यात कधी पुसला नव्हता. त्या दिवशी पिशवीतून निघाला तो चकचकीत." मी उशीला अभ्रा चढवत राहिले. त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. पुढं सगळं मैदान पडलं होतं, माझे हात मला हरवणारच होते. लोकांना सांगायला मला काठीचं निमित्त मिळालं." हे खरं होतं की माझ्यासाठी बोलल्या, मला अजून कळत नाही. तेव्हा माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "टॉवेल बदलू?"

"बदल," त्या म्हणाल्या.

परवा चार नवे पाहुणे नाश्त्याला बसले होते, चौघंही गोल्फ खेळणारे. मिसेस बेलनी टोस्ट वाढता वाढता तीच गोष्ट सुरू केली. एक फ्रेंच बाई होती, चौदापर्यंत मोजता येत नव्हतं... चौघं हसले. मॅडमना बघितलेलंही नव्हतं त्यांनी. मला कळलं की त्या गेल्या तरी ही गोष्ट जाणार नाही, दर उन्हाळ्यात वाढली जाईल. माझ्या हातात किटली होती.  डोळ्यांपुढं हे दिसत होते, गप राहा म्हणणारे.

"नो," मी म्हणाले. "मॅडम काउंट राइट. आय पुट द स्टिक."

मिसेस बेल वळल्या. "तू? सुमन, इतकी वर्षं?"

"यस."

मी किटली टेबलावर ठेवली आणि वर तीन नंबरमध्ये गेले. मॅडम तिथली खिडकी गार वारा असला तरी दोन बोटं उघडी ठेवायच्या, मी अजून तशीच ठेवते. पाहुण्यांच्या पलंगावर मी कधी बसत नाही, त्या दिवशी बसले. आता जिना वाजेल, मिसेस बेल वर येतील, सामान घे म्हणतील, असं वाटत होतं. कान देऊन ऐकत राहिले... खाली कुणीच हसत नव्हतं.