एकेचाळीसपैकी सात ओळी

मंगळवार, सकाळचे साडेदहा. कर्नलमधून काढलेल्या ओळी एकेचाळीस. आत हजर दोघेच: मी आणि माझा मेहुणा. ठिकाण पालीतलं दूध संकलन केंद्र. ते तो सांभाळतो.

कर्नल म्हणजे संगणकाच्या यंत्रणेचा गाभा. डिस्कवर नोंदी लिहिणारा-वाचणारा त्यातला भाग म्हणजे फाइल सिस्टिम. तिच्यातला नको असलेला कोड काढायचं काम मी भोरला घरी बसून हौसेने करतो. बिनवापराच्या चौतीस ओळी काढल्या होत्याच. शिवाय एक सात ओळींची तपासणी होती: लिहायची जागा डिस्कच्या हद्दीत आहे का. ती ज्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या तुकड्यात, होती ते तीन ठिकाणांहून बोलावलं जाई आणि तिन्हीकडे ही तपासणी आधीच होई. म्हणून आतली काढली. संगणक चाळीस वेळा चालू-बंद करून पाहिला, एकदाही अडला नाही. हा बदल, म्हणजे पॅच, कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठवण्याआधी रोजच्या वापरात बघावा म्हणून तो संगणक केंद्राला दिला. आता दुधाच्या नोंदींची वही नको, हेही मीच सांगितलं.

आज तो सुरू होत नव्हता. आत बासष्ट घरांच्या दहा दिवसांच्या दुधाच्या नोंदी होत्या आणि दुपारी दोनला दूध संघाला पैशांसाठी यादी द्यायची होती.

कशालाही हात लावण्याआधी मी डिस्कची प्रत काढायला लावली. पन्नास मिनिटं. मेहुणा दारात उभा राहून लोकांना थोपवत होता. काल बंद कसा केलास, असं मी विचारलं.

“रोजच्यासारखा. माप संपलं की मेन स्विच खाली. काल गडगडत हुतं, म्हणून जरा घाई केली.” मग म्हणाला, “दाजी, तुमी काय येगळं करता व्हय?”

करत होतो. आमच्याकडे संगणक रीतसर बंद केल्याशिवाय कोणी खुर्चीवरून उठत नाही. माझ्या चाळीसही चाचण्या तशाच झाल्या होत्या.

लिहिता लिहिता वीज गेली, तर पुढच्या वेळी सुरू होताना फाइल सिस्टिम अर्धवट राहिलेलं लिखाण पुरं करते. तिथूनही तेच फंक्शन बोलावलं जात होतं, पण थेट नावाने नाही. मी फक्त नाव शोधलं होतं. आणि तिथे आधी कुणीच तपासत नव्हतं.

सात ओळी परत घातल्या, कर्नल पुन्हा बांधला आणि आधी प्रतीवर चालवला. पडद्यावर आलं: जागा हद्दीबाहेर, एक नोंद वगळली. मग मूळ डिस्कवर चालवला आणि यादी उघडली. मी मोजली. काल संध्याकाळच्या नोंदी एकसष्टच.

राहिलेली नोंद रांगेत शेवटी असणाऱ्या मावशींची. मेहुणा म्हणाला, सरासरी टाकू. मी नको म्हटलं. मावशी बाहेर पायरीवरच बसल्या होत्या.

“चार लिटर न् वर तीनशे,” त्या म्हणाल्या. “काट्यावरचं म्याच वाचून दाखवलं की याला.”

मेहुण्याने मान डोलावली. आकडा घातला, यादी पावणेदोनला गेली.

घरी येऊन चौतीस ओळींचा पॅच पाठवला. सात जागेवर ठेवल्या, वर कारण लिहून. येताना केंद्रासाठी वही घेतली होती. तिचे साठ रुपये भोरच्या दुकानदाराला मीच दिले.