डोंगरातल्या आजींचं ‘या, या’

मैत्रिणींनो, संध्याकाळी मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. लेक स्पॅनिश शिकायला इक्वेडोरला गेली आहे. डोंगरातल्या एका गावात, एका आजींच्या घरी राहते. घरात स्पॅनिशच बोलायचं, असा तिच्या वर्गाचा नियम आहे.

"आई, मला न्हाय जमत. जेवताना घरातली सगळी बोलत हसतात, मी नुसतं बघत बसतो. परत येतो मी," म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेवढ्यात मागून त्या आजी आल्या. तिला जवळ घेऊन, पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "या, या."

मला वाटलं, मलाच बोलावतायत. माझेही डोळे भरले होते. तोंडातून निघून गेलं, "व्हय व्हय, येतो की! भाकरीचं पीठ घेऊनच येतो."

मुक्ता रडता रडता हसायला लागली. "अगं, तुला न्हाय बोलवत त्या! हितं ‘या’ म्हणजे झालं, पुरे, आता रडू नको."

मग वळून तिनं आजींना सगळं सांगितलं. आमच्याकडे ‘या’ म्हणजे काय, आई काय समजली, पीठ कशाचं. थोडं अडखळत, पण न थांबता, स्पॅनिशमध्ये.

आजी पोट धरून हसल्या. मोबाईलसमोर येऊन, हात हलवत मला म्हणाल्या, "या, या!"

या वेळचं ‘या’ आपलंच होतं.

परत यायचं मुक्तानं पुन्हा काढलं नाही. आता मला सांगा, शिवाजी पेठेतल्या बाईला पासपोर्ट काढायचा तर काय काय लागतं?