हिंगुळाची रेघ

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर हातात पेन्सिल धरली नाही, तेव्हा राग मानू नका, सावकाश वाचा. हे मी कुणालाच बोलले नाही — घरधन्यालाही नाही. बोलायला तोंड उघडलं की माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी निघतं. कागदावर तरी निघेल का? बघते.

आमचं शेत भवानीनगरच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला. ऊस वाढला की रानडुकरं शिरायची. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. त्यांच्याकडं परवान्याची रायफल होती आणि तिच्यावर दुर्बीण — एका गोऱ्या साहेबानं देश सोडताना दिलेली. दुर्बिणीवर एक बटण होतं. ते फिरवलं की नेम डावीउजवीकडं सरकायचा. मामंजी दूर मडकं ठेवून नेम एकदाच बसवायचे. मग बटणावरून खालच्या नळीवर उतरणारी एक रेघ ओढायची. रेघ अखंड दिसली की नेम जागेवर. काडतुसं महाग, पुन्हा तपासायला कोण उडवणार?

त्यांना लांबचं घारीसारखं दिसे, जवळचं मात्र धुरकट. म्हणून रेघ मी ओढायची. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ, आणि बाभळीचा काटा. ओढताना मी श्वाससुद्धा धरून ठेवायचे. माझ्यासारखीवर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी टाकला होता?

एका दुपारी सगळे बारामतीच्या बाजाराला गेले होते. रायफल पुसायला म्हणून खाटेवर काढलेली, रिकामी. मी दुर्बिणीला डोळा लावला.

काय सांगू — सगळं जग जवळ आलं, पण मुकं होऊन आलं. कॅनॉलवर एक बाई धुणं धूत होती. लुगडं दगडावर आपटायचं, आणि आवाज मागाहून, वाट चुकल्यासारखा यायचा. पाण्यात बगळा उभा, त्याचा पिवळा डोळा मला दिसला. आणि पलीकडं, माझं माहेर आहे त्या इंदापूरच्या अंगाला, नुसतं निळं धुकट. वाटलं, बटण फिरवलं तर तेही जवळ येईल. फिरवलं. आतली नेमाची केसाएवढी फुली संथ पाण्यात काडी सरकावी तशी बाजूला सरकली. मी फिरवतच राहिले. किती वेळ? मला खरंच माहीत नाही.

गाडीच्या बैलांची घुंगरं वाजली तेव्हा भानावर आले. घाईनं बटण उलटं फिरवलं, रेघेला रेघ मिळेपर्यंत. मिळाली. पण रेघ तर प्रत्येक फेऱ्याला मिळते — मी किती फेरे दिले होते? एक? दोन? हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर नाही, तिथंच, खाटेपाशी. कळलं, आणि मी रायफल खुंटीला टांगून चुलीपाशी गेले.

दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, कॅनॉलच्या भरावाखाली डुक्कर दिसलं. शेजारच्या हिराक्काची गाभण गाय तिथंच बाजूला बसलेली. हिराक्का बांधावरून म्हणाली, "आबा, गाय हाय तितं. नगा उडवू."

मामंजी हसले. "दोन हात लांब हाय की. माझ्या नेमाला दोन हात म्हंजी दोन कोस." मग रायफल माझ्यापुढं धरली. "सूनबाई, रेघ बघ. जाग्याव हाय का?"

रेघ जागेवर होतीच. मी म्हणाले, "हाय."

डुक्कर पळालं. गाय उठली नाही.

मामंजींनी रायफल खाली टेकवली. मग म्हणाले, "डोळं गेलं माजं." सगळ्यांनी तेच मानलं. त्यांनी रायफल कचेरीत जमा केली, गाईची किंमत हप्त्यानं द्यायचं कबूल केलं. आणि त्यानंतर पाट ओलांडायचा झाला की ते हात पुढं करायचे, मी धरायचे. लांबच्या झाडावरचा पोपट ओळखणारा माणूस — दिसत असूनही विचारायचा, "त्यो कोन येतोय गं?" आणि मी सांगायचे. रोज सांगायचे. त्या हाताला धरून चालताना किती वेळा एकटी होते मी त्यांच्याबरोबर! एका वाक्याचं काम होतं. त्यांची नजर त्यांना परत मिळाली असती.

दोन वर्षांनी ते गेले. डोळे गेले असंच समजून गेले.

हप्ते राहिले होते ते मी वांगी आणि अंडी विकून देत आले. परवा शेवटचे पैसे घेऊन हिराक्काकडं गेले. तिनं ते मोजलेही नाहीत, पदराला बांधले. म्हणाली, "फिटलं बाई समदं. तुज्या सासऱ्याचा काय दोष? म्हातारपनी नजर जातीच."

मी "व्हय" म्हणाले आणि घरी आले.