बॅगेवरचा पाहुणा

निघालेल्या माणसाला अडवून धरण्यात आमच्या पाहुण्याला तोड नाही. अख्ख्या मालवण तालुक्यात नाही, आणि तुम्ही ऐकून घेणार असाल तर कुडाळ-वेंगुर्लाही त्यात घालायला मी तयार आहे. तसा आमच्या भागात आग्रह कमी नाही. उठलेल्या माणसाला आम्ही ओट्यावर अर्धा तास, खळ्यात पाऊण तास आणि फाटकाला हात लावून आणखी तासभर बोलत ठेवतो. पण त्यासाठी आम्हाला गजाली लागतात, सोलकढी लागते, कोणाचं तरी मोडलेलं लग्न लागतं. पाहुण्याला यातलं काहीच लागत नाही. तो येतो, भरलेल्या बॅगेभोवती एक प्रदक्षिणा घालतो, वर चढतो आणि झोपतो. पाहुणा हा कुत्रा आहे, हे आताच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या घराविषयी तुमचा भलताच ग्रह व्हायचा.

तो आमच्याकडे आला त्याला चार वर्षं होऊन गेली. किनाऱ्याच्या वाटेवर एक भाड्याचा बंगला आहे. तिथे शहरातून आलेलं एक कुटुंब वर्षभर राहिलं आणि एके दिवशी टेम्पो भरून निघून गेलं. टेम्पोत फ्रिज गेला, कपाट गेलं, तुळशीची कुंडीसुद्धा गेली, कुत्रा राहिला. महिनाभर तो बंद फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून बसलेला असे. आमच्या शेजारच्या टीचर त्याला रोज पाव आणि माशाचं कालवण घालत. या टीचरनी निम्म्या गावाला गणित शिकवलं आहे आणि उरलेल्या निम्म्याचे कान पिळले आहेत. मी दोन्ही यादीत आहे. एक दिवस मोटरसायकलने त्याचा मागचा पाय मोडला. टीचरनी त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं आणि येताना प्लास्टरसकट माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. त्यांच्या घरी तीन मांजरं होती, माझ्या घरी बायकोला सांभाळायला फक्त मी होतो, असा त्यांचा युक्तिवाद. "दोन दिस ठेव रे. पाय बरो झालो की नेतंय मी," त्या म्हणाल्या. दोन दिवसांचा पाहुणा, म्हणून बायको त्याला पाहुणा म्हणू लागली. मी पुढे त्याला राजाबिजा म्हणून पाहिलं, भारदस्त अशी सहा-सात नावं सुचवली. त्याने एकाही नावाला कान हलवला नाही. मात्र "पावण्या, जेवूक चल" म्हटलं की मोडक्या पायाने धावत यायचा. परवा टीचरना विचारलं, कधी नेताय? त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मेल्या, तुका अजून दोन मोजूक येणा नाय?"

आता मी पडलो हौशी नट. गावच्या दशावतारात गेली वीस वर्षं मी राजा होतो. माझ्या गर्जनेने पहिल्या रांगेतली माणसं जागच्या जागी थिजतात, असं मी सांगतो. बायको म्हणते, दुसऱ्या रांगेतली जागी होतात. अशा माणसाला एक कुत्रा शिकवणं काय कठीण? मोबाइलवर व्हिडिओ बघितले, हातात बिस्कीट घेतलं आणि राजाच्या आवाजात म्हणालो, "बस!" पाहुण्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मी पुन्हा गरजलो. त्याने पुन्हा पाहिलं. शेवटी कसं बसायचं ते दाखवावं म्हणून मी स्वतः खळ्यात मांडी घातली. त्याने बिस्कीट खाल्लं. आठवडाभर हा सराव चालला, आणि त्यातून शिक्षण झालं ते असं, की तो उभा राहून माझ्याकडे एकटक बघू लागला की मी बसतो. अजूनही बसतो.

पण बॅगेची गोष्ट वेगळी. तिथे त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. जे शिकायचं ते तो त्या टेम्पोमागे शिकून आला होता. घरात बॅगेची चेन वाजली की तो कुठेही असो, विहिरीवर, माडाच्या आळ्यात, टीचरच्या स्वयंपाकघरात, तीन मिनिटांत हजर. आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो. पहिल्या दिवशी तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. निघायच्या दिवशी मात्र त्यांच्या सामानातली सर्वांत मोठी बॅग निवडून तिच्यावर आडवा. पुण्याच्या एका जोडप्याची गाडी यापायी चुकली. मी कुडाळ स्टेशनपर्यंत रिक्षा पळवली, तरी चुकली. त्यांनी नेटवर अभिप्राय दिला : "निसर्ग सुंदर, जेवण उत्तम, मालक बोलके, कुत्रा बॅग सोडत नाही." मालक बोलके हे कौतुक आहे की तक्रार, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

असं सगळं सुखात चाललेलं असताना गावपळण आली. आचऱ्याच्या बाजूच्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा, देवाचा हुकूम झाला की तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळं. चूल विझते, घरं बंद होतात, देवळातला नगारा वाजला की गाव देवाचा. मग चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन देवाचा कौल घेऊन येईपर्यंत बाकी कोणी पाऊल आत टाकायचं नाही. देऊळवाले जातात, टीचरसारखे चर्चवाले जातात, सगळे जातात आणि वेशीबाहेर माडाच्या झापांच्या झोपड्या बांधून मजेत राहतात. भजनं, पत्ते, माशाचं जेवण. मोठी सहलच ती.

आमच्या पाहुण्याला हे कोण सांगणार? त्याने पाहिलं ते एवढंच, की एका सकाळी अख्खा गाव बॅगा भरतो आहे. त्याचं काय झालं असेल विचार करा. तो आमच्या ट्रंकेवर चढला, तेवढ्यात टीचरकडे चेन वाजली, तिकडे धावला. तिथे मांजरांच्या टोपलीवर बसतो न बसतो तोच समोरच्यांनी वळकटी बांधली. लंगडत लंगडत वाडीभर फिरला बिचारा, या बोचक्यावरून त्या बोचक्यावर. आबा मानकरी म्हणजे गावचा मोठा मान, गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. त्यांच्या पडशीवरही हा जाऊन पडला. आबा ओरडले, "रे, तुज्या पावण्याक घे! माज्यार गुरगुरता तो! ह्या गावात माज्यार आजपर्यंत कोण गुरगुरूक नाय!"

आणि मग मला युक्ती सुचली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या आपत्ती याच वाक्याने सुरू होतात. माळ्यावर मुलीची कॉलेजातली जुनी बॅग होती, एक चाक तुटलेली. तीत मी नारळाची सोडणं भरली, चेन मुद्दाम खरखर वाजवून लावली आणि ओट्याच्या मधोमध ठेवली. पाहुणा आला, प्रदक्षिणा घातली, वर चढला, आणि "आता बघू कोण जातो" अशा समाधानाने त्याने डोळे मिटले. मागच्या दाराने मी सगळं खरं सामान टेम्पोत चढवलं. शेवटी त्याला अलगद उचललं, मांडीवर घेतलं आणि निघालो. बायकोला म्हटलंसुद्धा, "बघितलंस? डोक्यान काम करूचा लागता."

वेशीवर व्हाळ आहे, म्हणजे ओढा, त्यावर टेम्पो जेमतेम जाईल एवढा पूल, आमचा साकव. पलीकडे आमची झोपडी. सामान उतरलं. पाहुण्याने एकेक नग नाकाने तपासला : ट्रंक, वळकटी, भांड्यांची पिशवी. पुन्हा तपासला. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्यात गावातून नगारा ऐकू आला, आणि त्याच क्षणी पाहुणा वळला आणि साकवावरून गावाकडे पळाला. मी मागे धावलो. साकवाच्या मध्यावर होतो तोच आबांचा आवाज आला : "थांब! थंयच थांब! नगारो झालो!" माझा एक पाय हवेत होता. राजाची भूमिका करणारा माणूस साकवावर करकोच्यासारखा उभा, आणि समोर आंब्याच्या वळणावर त्याच्या कुत्र्याची शेपटी दिसेनाशी झालेली.

"खंय गेलो तो?" टीचर धावत आल्या. मला बॅगेची युक्ती सांगावी लागली. त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं, पण पन्नाशीच्या माणसाचा कान पिळायचा नाही एवढी सभ्यता पाळली. बायको एवढंच म्हणाली, "तुमची अक्कल त्या बॅगेत रवली. ती राखूक गेलो तो." मी वेशीवर उभा राहून राजाच्या आवाजात हाका मारल्या. माझ्या हाकांनी पलीकडच्या झोपड्यांतल्या कोंबड्या उडाल्या. गावातून काही आलं नाही. विहिरीजवळच्या दगडी डोणीत पाणी होतं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो. खाण्याचं काही नव्हतं. आणि खाण्यापाण्यापेक्षा वाईट गोष्ट अशी, की एकदा मागे टाकलेल्या त्या जीवाला मी पुन्हा तसंच टाकून आलो होतो. तेही टेम्पोत घालून, आणि वर स्वतःच्या डोक्याची तारीफ करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या झोपडीशी आले. जेवलो नाही हे त्यांनी बायकोकडून ऐकलं होतं. मी म्हटलं, "आबानु, मी एकटोच जावन येतंय. देवाक काय तो दंड देतंय." आबा म्हणाले, "तसा चलाचा नाय. पण गाऱ्हाणा घालूया." त्यांनी नारळ घेतला, वेशीकडे तोंड केलं. लोक जमले. "बा देवा म्हाराजा! तुज्या हुकमान गाव भायर पडलो. तेतूरलो एक मुको जीव मागे रवलो हा. तेका रीत म्हायत नाय..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "जेची चूक झाली तो हयसर उभो आसा. अकलेन जरा कमी आसा, तू तेका वळखतस..." यावर जो "व्हय म्हाराजा!" झाला, तसा एकमुखी होकार मी माझ्या कुठल्याही नाटकाला मिळवलेला नाही. टीचरचा आवाज त्यात सर्वांत वर होता. "तेका पाणी दाखव, सावली दाखव, आणि जसो आसा तसो आमच्या हातात परत दी रे म्हाराजा!" नारळ फुटला. जाताना आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गावात देव एकटोच रवता रे दरवेळेक. ह्या वर्षी तेका सोबत झाली असा समज."

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळाच्या वेगळ्या वाटेने कौल घ्यायला गेले, आणि हात हलवत परतले. देवाने कौल दिला नाही. दुपारी पुन्हा लावायचा. "कुत्रो दिसलो?" मी विचारलं. "देवळाच्या वाटेर काय दिसाक नाय," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पान जुळवू लागले. त्या चार-पाच तासांत मी देवाशी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एकदा राजाच्या आवाजातही बोलून पाहिलं, मग लाज वाटून साध्या आवाजात.

दुपारी कौल झाला. नगारा वाजला तेव्हा मी साकवाच्या अलीकडे होतो, आणि तो थांबला तेव्हा पलीकडे. चप्पल कुठे गेली माहीत नाही. आंब्याच्या वळणावर रस्त्याच्या कडेला घरंगळत आलेलं एक सोडण दिसलं. जरा पुढे वळलो तर रस्त्यावर पाच-सहा. त्याच्यापुढे ओळच, आमच्या घरापर्यंत गेलेली. आणि त्या ओळीच्या अलीकडच्या टोकाला, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीपाशी ती बॅग. तिचं उरलेलं चाक मोरीच्या फटीत अडकलेलं, चेन फाटलेली, मुठीवर दातांच्या खुणा. आणि रिकाम्या बॅगेवर पाहुणा, वेशीकडे तोंड करून पडलेला.

तो बॅग राखायला गेलाच नव्हता. आम्ही घाईत विसरलो असं समजून तो ती आम्हाला आणून देत होता. तीन धड पायांनी घराच्या ओट्यावरून, खळ्यातून, फाटकाखालून त्याने ती एवढी ओढत आणली होती, आणि चाक अडकल्यावर सोडून आला नव्हता. मला बघून त्याने शेपटी हलवली, पण उठला नाही. बॅग आधी घे, असं त्याचं म्हणणं दिसलं. मी रस्त्यात मांडी घातली. मागून टीचर, बायको, आबा आणि निम्मा गाव येऊन उभा राहिला. कोणी हसलं नाही. आबांनी वाकून चाक सोडवलं. बायकोने ती फाटकी बॅग एका हातात घेतली, मी पाहुण्याला घेतलं, आणि आम्ही घरी आलो. सोडणं टीचरनी गोळा केली. "पाणी तापवूक होतत," त्या म्हणाल्या, पण त्यांचा चष्मा धुरकट झाला होता, आणि चूल तर अजून कुठेच पेटली नव्हती.

त्यानंतर पाहुणा पुन्हा कधी बॅगेवर झोपला नाही. पर्यटक वेळेवर गाड्या पकडतात. परवा मुलीकडे पुण्याला जायचं म्हणून मी बॅग काढली. चेन वाजली तसा तो दारात आला, बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि ओट्यावर जाऊन पडला. जाणारी माणसं परत येतात, हे त्याने त्या मोरीपाशी एकदाचं नक्की करून टाकलं असावं. चांगलंच झालं ते. मला तर चार वर्षं तेच हवं होतं. मी बॅग भरली, चेन लावली, खाली ठेवली. मग उगाच पुन्हा उघडली, टॉवेल बाहेर काढला, परत आत घातला. "काय रवला?" बायकोने विचारलं. "काय नाय," मी म्हटलं, आणि उघडी बॅग तशीच ठेवून दाराकडे बघत थोडा वेळ थांबलो.