बावीस अंशांचा जावई

माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही, आणि याचा कुठल्याही आजाराशी संबंध नाही.

सुरीला धार लागली की नाही हे बघायची एक पद्धत असते. सुरी हातावरून अलगद फिरवायची. केस उडाले तर धार पास. गेल्या तीन महिन्यांत माझ्या हाताखालून इतक्या सुऱ्या पास झाल्या की भर मे महिन्यात मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कामावर जात होतो. (बोईसरच्या उन्हात पूर्ण बाह्या घालणारे दोनच. एक मी आणि दुसरा आमचा भट्टीवाला. त्याला निदान पर्याय नाही!)

मी मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या अंगाला, पंपाचे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी तपासणी विभागात आहे. माझं काम म्हणजे समोर आलेली वस्तू मोजायची आणि ती नापास करायची. अठरा वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन गप्प कसा बसेल? एकदा मी आमच्या रेखाच्या पोळीला चार बाजूंनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावून बघितला होता. (एकदाच. त्यानंतर आठ दिवस आम्ही भात खाल्ला.)

तर अशा माणसाने मोबाइलवर सुरीला धार लावायचं एक यंत्र बघितलं. पायावर एक चिमटा, चिमट्यात सुरी, वरून एक सळई आणि सळईवर सरकणारा धारेचा दगड. दगड प्रत्येक वेळी त्याच कोनातून जाणार, म्हणजे हात चुकायचा प्रश्नच नाही! पडद्यावरचा दाढीवाला परदेशी गृहस्थ टोमॅटोच्या चकत्या पाडत होता, आणि त्या इतक्या पातळ की पलीकडचा पेपर वाचावा. मग मी किंमत बघितली. त्या पैशात माणसाने आयुष्यभर चिरलेली भाजी विकत आणली असती.

"साहब, उसकी कॉपी आती है," आमच्या टूलरूमचे दुबेजी म्हणाले. "माल वही, काम वही."

"और फरक?"

"फरक आपको घर पे पता चलेगा."

घरी खोकं उघडलं. स्क्रू सात निघाले, भोकं पाच होती. पायाला खालून रबराची वाटी होती, ती गुळगुळीत जागेवर दाबली की चिकटते. मी ती ओट्यावर दाबली. चिकटली. अशी चिकटली की चार दिवस निघेना! रेखा त्या यंत्राला वळसा घालून पोळ्या लाटत होती. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, एक तर हे काढा, नाहीतर याचं नाव रेशनकार्डावर चढवा."

पुढे लक्षात आलं की कोनाची पट्टीही खोटी आहे. पट्टी म्हणते वीस अंश, आणि माझं मापन म्हणतं सत्तावीस! दुसऱ्या कोणी यंत्र परत पाठवलं असतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अस्सल माल घेणाऱ्याला हे सुख कुठलं? मी पट्टी खरवडून काढली, नवी बनवून डकवली, दगड घासून सपाट केले, आणि सगळ्या सुऱ्यांसाठी एकच कोन ठरवला. बावीस अंश.

मग इमारतीतल्या सुऱ्या सुरू झाल्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पाटीलकाकू सुरी घेऊन गेल्या आणि अर्ध्या तासात परत आल्या, बोटाला फडकं गुंडाळून.

"भावजी, कांदा कापला कळलं नाही, तसंच बोटाचंही कळलं नाही हो!"

"म्हणजे धार उत्तम!" मी म्हणालो.

त्या आठवड्यात इमारतीतल्या अकरा घरांत बोटं बांधलेली होती. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मला रस्त्यात थांबवून चहा पाजू लागला. मी याला लोकप्रियता समजलो.

आता सासूबाई.

सासूबाई शिरगावच्या. रोज पाटी डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसतात. त्यांची सुरी त्यांच्या सासूच्या हातची. या सुरीवर त्यांनी तीन मुलं शिकवली, घर बांधलं आणि रेखाचं माझ्याशी लग्न लावून दिलं. यातली शेवटची गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही. मांदेली आणि बोंबील यांतला फरक न कळणारा घाटावरचा जावई! चौदा वर्षांत त्यांनी माझं कौतुक एकदाही केलेलं नाही. एकदा जेवताना "जावयाचा आवाज नाय" असं म्हणाल्या होत्या, ते मी कौतुकात धरतो.

पण या मार्चमध्ये त्यांचं मनगट दुखायला लागलं. एका रविवारी आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा चहाचा कप डाव्या हाताने उचलत म्हणाल्या, "सुरमईचा काटा आता तुटत नाय. पावसात बोटी बंद झाल्या की पाटी ठेवून देते. परत काय काढायची नाय."

रेखा आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी स्वच्छ होती.

मी मात्र यंत्राकडे बघत होतो. मनगट कशाने दुखतं? जोर लावल्याने. जोर का लावावा लागतो? धार नाही म्हणून! इतकं सोपं गणित, आणि डॉक्टर मलम देत बसलेत!

"आईच्या सुरीला हात लावायचा नाही," रेखाने आतूनच सांगितलं. मी तोंड उघडलंही नव्हतं. "बाबांनीसुद्धा कधी लावला नाही."

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा. त्या दोन दिवशी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून सासूबाई हल्ली मनगटाला विश्रांती देतात. सोमवारी माझी सुट्टी. मी मलमाची बाटली पोचवायला म्हणून शिरगावला गेलो, त्या पाण्याला गेल्या होत्या तेवढ्यात पालथ्या पाटीखालची सुरी पेपरात गुंडाळली आणि बोईसरला परत! हातात मलमाची बाटली तशीच होती, हे मला सफाळ्याच्या एका पाहुण्याचा फोन आला तेव्हा कळलं, कारण मी ती कानाला लावली.

सुरी टेबलावर ठेवली, भिंग घेतलं आणि तपासणी केली. अरेरे! काय ती वस्तू! मुठीजवळची दोन बोटं जागा चमच्यासारखी बोथट. मध्ये धारेला खोलगट पोट. टोकाला धार एकाच बाजूने! एकाच सुरीत तीन दोष! मी वहीत तिन्ही लिहून काढले, खाली लाल शाईने 'नापास' लिहिलं आणि कामाला लागलो. मंगळवारची रजा टाकली. चिमटा आखूड आणि सुरी लांब, म्हणून ती तीन ठिकाणी पकडावी लागली. बोथट भाग घासला. पोट काढायला दोन्ही बाजूंचं लोखंड खाली आणलं. टोकाला दुसरी बाजू दिली.

मंगळवारी दुपारी रेखाचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"रेखे, माजी सुरी गेली गं! सगळं घर उलटं केलं. सकाळपासून पोटात अन्न नाय. उद्या बुधवार, मी काय दातानं कापू?"

आणि नेमका त्याच क्षणी माझा दगड सुरीवरून सरकला. खर्रर्र!

"ते कसलं वाजलं?"

"काही नाही आई," रेखा म्हणाली. ती माझ्याकडे असं बघत होती की मी आपोआप हात वर केले. "मिळेल तुझी सुरी. चोराचा पत्ता लागलाय. तू जेव आधी." फोन ठेवून ती मला एवढंच म्हणाली, "उद्या ती बाजारात बसायच्या आत. आणि तुम्ही स्वतः द्यायची."

मीच देणार होतो! इस्त्रीचा शर्ट घालून! सुरी आता आरशासारखी झाली होती. मुठीपासून टोकापर्यंत एक रेष, बावीस अंश. माझ्या अठरा वर्षांत इतका निर्दोष माल हातून गेला नव्हता.

बुधवारी सकाळी पालघरच्या बाजारात मी ती दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरली. त्यांनी सुरी बघितली, मला बघितलं, पुन्हा सुरी बघितली. चोर कोण हे विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही. समोर एक बाई रावस घेऊन उभ्या होत्या. सासूबाईंनी नेहमीसारखा मुठीजवळचा भाग खवल्यांवरून उलटा ओढला.

खवलं निघालं. कातडंही निघालं. त्याखालचं मांसही निघालं!

"मावशी, रावस साफ करताय की केळं सोलताय?" गिऱ्हाईक बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी टोक पोटात घातलं. ते एका दमात पित्ताच्या पिशवीपर्यंत गेलं आणि रावस कडू झाला. माझ्या शर्टाची इस्त्री जागच्या जागी मोडली.

"जावय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "या सुरीत तीन सुऱ्या व्हत्या. ही बोथट खवल्यांची. हे पोट काट्यावर बसायला. हे एकतर्फी टोक पोट फाडायला, पित्त न फोडता. तुमी तिन्ही मारल्या आन एक केली."

"पण आई, आता ती सगळीकडे सारखी..."

"सारखी कशाला पायजे? मासा काय सगळीकडं सारखा हाय?"

अठरा वर्षांच्या नोकरीत मला कोणी नापास केलं नव्हतं. आज एका वाक्यात केलं, तेही लाल शाई न वापरता!

बोलता बोलता त्यांनी सुरी उलटी केली आणि बाजाराच्या दगडी पायरीवर मुठीजवळची धार पाच वेळा घासली. खर्र, खर्र. माझं अख्ख्या दुपारचं काम गेलं! मग टोकाची एक बाजू तीनदा. खराब झालेला रावस बाजूला ठेवून त्यांनी दुसरा साफ केला आणि गिऱ्हाईक बाईंना दिला. "पोट दोन वर्सांनी परत येल," म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाची सुरमई ओढली. मी डोळे मिटून घेतले.

ठप्प.

मी डोळे उघडले. तुकडा पडला होता, काट्यासकट. सासूबाई मनगटाकडे बघत होत्या. मग दुसरा तुकडा. ठप्प. तिसरा. सबंध सुरमई संपली तरी त्यांनी एकदाही हात झटकला नाही.

"दुखलं का?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मनगट एकदा गोल फिरवून बघितलं. शेजारच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "हिरे, तुजी सुरी दे. जावयाकडं मशीन हाय."

तेव्हापासून दर सोमवारी मी शिरगावला सासूबाईंच्या ओटीवर यंत्र चिकटवून बसतो. बाजारातल्या नऊ जणींच्या सुऱ्या येतात. प्रत्येकीचे दोष वेगळे आणि प्रत्येक दोषाला कारण. म्हणून मी हात लावण्याआधी सासूबाई चुलीतला कोळसा घेऊन पात्यावर दोन रेघा मारतात. "या रेघेपास्नं या रेघेपर्यंत. पुढं जायचं नाय." मी जात नाही. कोन अजून बावीसच आहे. तेवढं त्यांनी माझ्यावर सोडलंय.

पाटी ठेवून द्यायचं पुन्हा निघालं नाही. परवा बोटी बंद झाल्या तेव्हा त्यांनी सुरी तेल लावून गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "नारळी पुनवेला तयार ठेवा." चौदा वर्षांनी मला माझं कौतुक मिळालं! आनंदाच्या भरात मी तिथल्या तिथे धार बघायला बाही सरकवली. कोपराखाली केस उरलेच नव्हते, म्हणून सुरी आणखी वर नेली.

सासूबाईंनी माझा हात धरला, चुलीतला कोळसा उचलला आणि माझ्या कोपरावर एक ठळक रेघ मारली.

"जावय, इथपर्यंतच."